समोरच्याच्या सुरात: सीडब्ल्यूवर झिरो बीट कसं साधायचं

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या हौशी रेडिओवाल्याच्या (हॅमच्या) गच्चीवर ४० मीटर बँडचा डायपोल (तारेचा साधा अँटेना) टांगलाय. संध्याकाळी ७.०३० मेगाहर्ट्झच्या आसपास कुणीतरी सीडब्ल्यूवर, म्हणजे मोर्समध्ये, स्वच्छ सीक्यू (‘कुणीही बोला’ अशी हाक) देतोय, एस-मीटरचा (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा) काटा सातवर. तुम्ही दोनदा कॉल देता, तीनदा देता, आणि तो आपला निवांत पुन्हा सीक्यू सुरू करतो. पहिला संशय पॉवरवर जातो, मग अँटेनावर, मग एसडब्ल्यूआरवर (अँटेना सेटशी किती जुळलाय त्या आकड्यावर). बरेचदा तिघंही निर्दोष असतात. तुम्ही ऐकताय एका जागी आणि पाठवताय दुसऱ्याच जागी, एवढंच झालेलं असतं. त्याचा फिल्टर ४०० हर्ट्झचा असेल तर त्याला मध्यापासून अलीकडे दोनशे आणि पलीकडे दोनशे एवढंच ऐकू येतं. तुम्ही सहाशे हर्ट्झ बाजूला पडलात की तुमचा एक डॉटसुद्धा त्याच्या कानापर्यंत जात नाही.

आपल्याकडे हौशी रेडिओ परवान्याच्या जनरल ग्रेडच्या परीक्षेत मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स घेता-देता येतो का ते पाहतात. समोरच्याच्या फ्रीक्वेन्सीवर नेमकं कसं बसायचं, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे कोड पाठ असलेली माणसंही इथेच अडकतात.

मोर्सच्या कॅरिअरला (हवेत जाणाऱ्या मूळ रेडिओलहरीला) स्वतःचा आवाज नसतो. रिसीव्हरमधला बीएफओ (आतली स्वतःची लहर तयार करणारा ऑसिलेटर) त्याच्यापासून थोडा बाजूला ठेवतात आणि दोघांतला फरक आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. समोरचा ७०३०.० किलोहर्ट्झवर असेल आणि आपला रिसीव्हर हिशेबाने ७०२९.४वर ऐकत असेल, तर कानात ६०० हर्ट्झचा सूर वाजतो. आता की (मोर्स पाठवायची कळ) दाबली आणि आपणही ७०२९.४वरच पाठवलं, तर आपण त्याच्यापासून ६०० हर्ट्झ खाली गेलो. म्हणून की दाबताच रिगने (रेडिओ सेटने) स्वतःहून ६०० हर्ट्झ वर सरकायला हवं. या सरकण्याला ऑफसेट म्हणतात. की दाबल्यावर स्वतःच्या कानात जो सूर वाजतो तो साइडटोन. ऑफसेट आणि साइडटोन सारखेच असतील, तर सगळी कटकट एका वाक्यात मिटते: त्याचा सूर माझ्या साइडटोनशी जुळवला की माझा कॅरिअर त्याच्या कॅरिअरवर बसला. यालाच झिरो बीट म्हणायचं.

सप्ताहात वीणा पेटीला लावताना ज्यांनी कान देऊन ऐकलंय, त्यांना हे वेगळं शिकवायची गरज नाही. तार पेटीच्या सुराजवळ आली की वं-वं-वं अशी लाट येते, खुंटी हळू पिळली की लाट लांबते, आणि एका क्षणी ती थांबते. ६०० आणि ६०३ हर्ट्झ एकत्र वाजले की सेकंदाला तीन लाटा. फरक एकच, आणि तो महत्त्वाचा आहे. वीणेची तार बराच वेळ झंकारत राहते. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात डॅश जेमतेम १८० मिलिसेकंदांचा असतो आणि डॉट ६०चा. सेकंदाला तीनची एक लाट पुरी व्हायला ३३० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात डॅश संपून जातो. त्यामुळे चालू सिग्नलवर लाट मोजत बसू नका. सुराची उंची जुळवा. दहा-वीस हर्ट्झच्या आत आलात की काम झालं, त्याहून बारीक खुंटी पिळण्यात अर्थ नाही.

पद्धत साधी आहे. आधी फिल्टर रुंद ठेवा, आरआयटी (पाठवण्याची फ्रीक्वेन्सी न हलवता फक्त ऐकण्याची सरकवणारी सोय) बंद करा, मग स्पॉटचं बटण दाबा. हे बटण हवेत काहीही न पाठवता फक्त साइडटोन वाजवतं. साइडटोनचा आवाज सिग्नलइतकाच ठेवा, कारण या पट्टीत जोरात वाजणारा सूर कानाला किंचित उतरलेला भासतो. मग दहा हर्ट्झच्या पायरीने डायल फिरवा. दोन सूर एकात विरघळले की बटण सोडा आणि कॉल द्या. रिगवर स्पॉट नसेल तर ब्रेक-इन (की दाबताच आपोआप पाठवायला लागण्याची सोय) बंद करून की दाबा. बहुतेक रिगवर त्या स्थितीत साइडटोन वाजतो आणि ट्रान्समीटर गप्प राहतो. पण तसं गृहीत न धरता पॉवर मीटरकडे एकदा नजर टाकाच.

इथे गाणाऱ्या माणसालाच फसवणारी एक जागा आहे. फिल्टर रुंद असताना ३०० किंवा १२०० हर्ट्झचा सूर ६००शी जुळल्यासारखा वाटतो, कारण तो त्याचाच खालचा किंवा वरचा सा आहे. ९००चा सूर तर पंचम लागतो, कानाला इतका गोड की नवखा तिथेच थांबतो. गोड लागलं म्हणजे जुळलं असं नाही. शंका आली की फिल्टर ५०० किंवा २५०वर आणा: सूर खरोखर जुळला असेल तर सिग्नल टिकतो, सप्तक चुकलं असेल तर गायब होतो. मात्र नुसता अरुंद फिल्टर लावून सिग्नल सर्वांत मोठा होईल तिथे थांबणं हे अर्धवट झिरो बीट आहे. २५०च्या फिल्टरचा माथा सपाट असतो, पन्नास-साठ हर्ट्झ इकडे-तिकडे झाले तरी कळत नाही.

साइडटोनची पट्टी कुठली निवडायची हा ज्याच्या-त्याच्या कानाचा प्रश्न. ज्यांच्या घरात पेटी आहे त्यांना माझी शिफारस ७०० हर्ट्झची. ४४०ला मिळवलेल्या पेटीवर तार सप्तकातली पांढरी चार ६९८.५ हर्ट्झची असते, म्हणजे जवळजवळ तोच सूर. ६०० हर्ट्झ पांढरी दोन (५८७) आणि काळी दोन (६२२) यांच्या मधोमध लटकतो, त्याला पेटीवर घर नाही. पेटी जुनी असेल तर ती स्वतःच उतरलेली असू शकते, म्हणून मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपसमोर हेडफोन धरून साइडटोन खरंच किती हर्ट्झचा आहे ते एकदा पाहून घ्या.

ज्यांचा कान सुराला अजिबात साथ देत नाही, त्यांच्यासाठी कारखानी बनावटीच्या रिगमध्ये एक सुरेख युक्ती दडलेली असते, आणि ती फारसं कुणी वापरत नाही. सीडब्ल्यू-रिव्हर्स मोड. त्यात बीएफओ कॅरिअरच्या दुसऱ्या बाजूला जातो. डायल नेमका सिग्नलवर असेल तर दोन्ही मोडमध्ये सूर सारखाच, समजा ६००. डायल ४० हर्ट्झ चुकला असेल तर एका मोडमध्ये ५६० आणि दुसऱ्यात ६४०. चूक ४०ची, पण कानाला उडी ८०ची ऐकू येते. मोड इकडून तिकडे बदलत राहा आणि उडी नाहीशी होईपर्यंत डायल हलवा. दोन सूर एकाच वेळी पारखायचे नाहीत, बदलला की नाही एवढंच ऐकायचं, म्हणून बेसूर माणसालाही हे जमतं. रिगचा बीएफओ नीट लावलेला असला पाहिजे, एवढीच अट.

आता घरी बांधलेल्या छोट्या रिगकडे वळू, कारण खरी पंचाईत तिथे आहे. पिक्सीसारख्या डायरेक्ट कन्व्हर्जन (सिग्नल थेट ऐकू येणाऱ्या सुरात उतरवणाऱ्या) किटमध्ये पाठवायला आणि ऐकायला एकच ऑसिलेटर असतो आणि रिसीव्हरला बाजू कळत नाही. सिग्नल ऑसिलेटरच्या ७०० हर्ट्झ वर असो की खाली, सूर तोच. समजा तुमच्या सर्किटमध्ये की दाबल्यावर फ्रीक्वेन्सी ७००ने वर जाते. मग ऐकताना तुमचा ऑसिलेटर सिग्नलच्या खाली असायला हवा. चुकून वरच्या बाजूला बसलात तर कानात सूर अगदी बरोबर, आणि पाठवताना तुम्ही १४०० हर्ट्झ दूर. कुणीच उत्तर देत नाही या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं.

बाजू ओळखायची खूण पक्की लक्षात ठेवा. रिग की दाबताना वर सरकत असेल तर खालून वर ट्यून करत या. सूर आधी शिट्टीसारखा उंच असेल, मग उतरत जाईल, ७००ला आला की थांबा, शून्य ओलांडू नका. डायल वर नेताना सूर उतरतोय म्हणजे बरोबर बाजू. डायल वर नेताना सूर चढतोय म्हणजे तुम्ही पलीकडे गेलात. रिग खाली सरकणारी असेल तर सगळं उलटं. या खुणेची सवय हवेत कॉल न देताही करता येते. एसएसबी (कॅरिअरच्या एकाच बाजूची पट्टी वापरणारा मोड) घेणारा कुठलाही रिसीव्हर घ्या, मध्यमलहरीवर आकाशवाणी परभणी १३०५ किलोहर्ट्झवर लावा आणि डायल हळूहळू केंद्रावरून न्या. शिट्टी उतरते, घुमते, शून्य होते आणि पलीकडे पुन्हा चढते. दहा मिनिटांत कान तयार होतो.

हा ७०० हर्ट्झचा सरकाव मिळवणंही वाटतं तितकं सोपं नाही. सात मेगाहर्ट्झच्या एलसी (कॉइल-कपॅसिटरच्या) ऑसिलेटरमध्ये एकूण १०० पीएफ (पिकोफॅरड) असतील तर ७०० हर्ट्झ हलायला फक्त ०.०२ पीएफचा बदल पुरतो. एवढा कपॅसिटर दुकानात मिळत नाही. म्हणून व्हॅरिकॅप डायोड (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा) अगदी सैल जोडणीने लावतात आणि प्रीसेटने (एकदा फिरवून ठेवायच्या छोट्या रेझिस्टरने) त्याचं व्होल्टेज बदलून सरकाव ठरवतात. प्रीसेट मल्टिटर्नच घ्या. साधा एक फेऱ्याचा प्रीसेट श्वास लागला तरी शंभर हर्ट्झ हलतो.

हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या मायक्रोबिटएक्स या रिगमध्ये ही भानगड सॉफ्टवेअर सांभाळतं. त्याच्या मूळ प्रोग्राममध्ये डायल एसएसबीसारखा आकडा दाखवतो आणि की दाबल्यावर कॅरिअर एलएसबीत (खालच्या बाजूच्या पट्टीत) डायल वजा साइडटोन, यूएसबीत (वरच्या बाजूच्या पट्टीत) डायल अधिक साइडटोन असा जातो. डायल ७०३०.६, मोड एलएसबी, साइडटोन ६०० असेल तर कॅरिअर ७०३०.० ला. यात खोच अशी, की मेनूत साइडटोन ६०० ठेवलाय, पण तुम्हाला ऐकायला ७५० बरा वाटतो म्हणून तुम्ही तिथे थांबलात, तर प्रत्येक कॉल १५० हर्ट्झ वर जाणार. आवडता सूर मेनूत टाका, मग त्याच सुरावर ट्यून करा. काही जुन्या कारखानी रिगमध्ये ऑफसेट कायमचा ठरलेला आणि साइडटोनचा ऑसिलेटर वेगळा, आतल्या प्रीसेटवर चालणारा असतो. तिथे कुणीतरी गोड वाटावा म्हणून प्रीसेट फिरवून ठेवलेला असतो आणि पुढचा मालक वर्षभर बाजूला बसून कॉल देत राहतो.

आपली रिग खरी बोलते का, हे तपासायला मोठी यंत्रं लागत नाहीत. दोन रिग, एक तिसरा रिसीव्हर आणि डमी लोड (अँटेनाच्या जागी जोडायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) पुरेत. १ किलोओमचे, २ वॅटचे वीस कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओम, ४० वॅटचा लोड होतो. वायरवाउंड घेऊ नका, ते आरएफला (रेडिओ फ्रीक्वेन्सीला) कॉइलसारखे वागतात. पहिल्या रिगने डमी लोडवर एखाद्या वॅटने की दाबायची. दुसरीने तिच्यावर झिरो बीट करून आपल्या डमी लोडवर उत्तर द्यायचं. तिसऱ्या रिसीव्हरला हात न लावता दोघींना आळीपाळीने ऐका. सूर बदलला नाही तर दुसरी रिग बरोबर, बदलला तर जेवढा बदलला तेवढी तिची चूक. या पद्धतीचा फायदा असा की तिसरा रिसीव्हर स्वतः दोनशे हर्ट्झ चुकीचा असला तरी बिघडत नाही, कारण आपण फरक ऐकतोय, आकडा वाचत नाही. एकट्याने करायचं असेल तर सीक्यू दिल्यावर रिव्हर्स बीकन नेटवर्कवर (हवेतले सीक्यू आपोआप ऐकून इंटरनेटवर नोंदवणाऱ्या जाळ्यावर) आपला कॉलसाइन (स्टेशनची ओळखाक्षरं) शोधा. तिथे फ्रीक्वेन्सी ०.१ किलोहर्ट्झपर्यंत लिहून येते. खडबडीत आहे, पण १४०० हर्ट्झची चूक लगेच उघडी पडते.

कॉल जोडला गेल्यावर आरआयटीचा विषय निघतो. सीक्यू देणाऱ्याने मुख्य डायलला हात लावायचा नाही, उत्तर बाजूला आलं तर आरआयटी फिरवून ऐकायचं. हा नियम मोडला की काय होतं ते आकड्यांत पाहा. ‘क’ची रिग बरोबर आहे, ‘ख’ची रिग ऐकते त्यापेक्षा १५० हर्ट्झ खाली पाठवते. ‘क’ ७०३०.००वर सीक्यू देतो, ‘ख’चं उत्तर ७०२९.८५वर येतं. ‘क’ सूर बरा करायला डायल तिथे नेतो. आता ‘ख’ला ‘क’ सरकलेला ऐकू येतो, तोही डायल हलवतो आणि त्याचं पुढचं उत्तर ७०२९.७०वर येतं. प्रत्येक फेरीला दीडशे हर्ट्झ, पाच फेऱ्यांत पाऊण किलोहर्ट्झ, आणि खाली शांतपणे बोलत बसलेल्या तिसऱ्याच जोडीच्या डोक्यावर दोघं जाऊन आदळतात. दोघांनाही वाटतं समोरच्याची रिग वाहतेय. संभाषण संपलं की आरआयटी शून्यावर आणायला विसरू नका. पुढचा कॉल चुकण्याचं ते सर्वांत साधं कारण आहे.

रिग खरंच वाहते तेव्हा आपल्याकडचा उन्हाळा आठवावा. पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये दुपारचे ४२ अंश रात्री नऊपर्यंत ३०वर येतात. व्हीएफओची (फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या ऑसिलेटरची) कॉइल लाल टी५०-२ टोरॉइडवर (कडीसारख्या गाभ्यावर) असेल तर गाभ्याचं इंडक्टन्स दर अंशाला साधारण ९५ पीपीएम (दहा लाखांत ९५ भाग) बदलतं, फ्रीक्वेन्सी त्याच्या निम्म्याने: सात मेगाहर्ट्झला अंशामागे सुमारे ३३० हर्ट्झ. बारा अंशांत चार किलोहर्ट्झ. पिवळ्या टी५०-६वर हेच अंशामागे १२० हर्ट्झच्या आसपास येतं. तेव्हा व्हीएफओला पिवळाच गाभा वापरा, कपॅसिटर सी०जी किंवा एनपी० जातीचे घ्या, आणि डबा कूलरच्या झोतात ठेवू नका. झोताने थंडावा मिळतो खरा, पण तापमान सारखं हलत राहतं. अर्थात वाहणं आणि न जुळणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एकाच ऑसिलेटरवर चालणाऱ्या रिगमध्ये ऐकणं आणि पाठवणं सोबतच वाहतं, ऑफसेट तसाच राहतो, दर काही मिनिटांनी पुन्हा झिरो बीट केलं की भागतं. की दाबताना सूर ‘चीं’ असा वाकत असेल तर तो तिसराच आजार: बॅटरी उतरलीय किंवा ऑसिलेटरला वेगळा रेग्युलेटर नाही. ७८एल०८ लावून ऑसिलेटरचे आठ व्होल्ट वेगळे काढा. फायनल ट्रान्झिस्टरसोबत एकाच तारेवर ऑसिलेटर ठेवला की तो वाकणारच.

स्पॉट नाही, रिव्हर्स मोड नाही, कानही नाही, अशांसाठी एलएम५६७चा (ठरावीक सूर ओळखणाऱ्या चिपचा) दिवा बांधावा. पिन ४ला ७८०५ रेग्युलेटरवरून पाच व्होल्ट, पिन ७ ग्राउंड. पिन ५ आणि ६च्या मध्ये १२ किलोओम आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५ किलोओमचा मल्टिटर्न प्रीसेट, पिन ६वरून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड. हा पॉलिएस्टरचाच घ्या, सिरॅमिक डिस्क उन्हात सूर बदलते. हिशेब असा: १ भागिले (१.१ गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स), ६०० हर्ट्झला १५.१५ किलोओम. ७०० हवे असतील तर १३ किलोओम, तेही याच प्रीसेटच्या आवाक्यात. पिन २वरून ग्राउंडला ४.७ मायक्रोफॅरड, पिन १वरून १०. हेडफोनच्या वायरीवरून ०.१ मायक्रोफॅरडमार्गे ऑडिओ पिन ३ला. पिन ८ला एलईडी, ४७० ओममधून पाच व्होल्टला. इनपुट १०० मिलिव्होल्ट असताना हा दिवा साधारण ३८ हर्ट्झच्या पट्ट्यात पेटतो, म्हणजे मध्यापासून अलीकडे-पलीकडे एकोणीस. आवाज वाढवला की पट्टा रुंदावतो, तेव्हा व्हॉल्यूम वर नेऊन दिवा पेटतोय म्हणून खूश होऊ नका. पट्टा इतका अरुंद असल्यामुळे जलद डॉटवर तो नीट पेटत नाही, डॅशवर पाहा. सर्किट लावताना सिग्नल शोधायची गरज नाही. स्वतःचा साइडटोन आत सोडा आणि प्रीसेट दोन्ही बाजूंनी फिरवून दिवा विझण्याच्या दोन टोकांच्या मधोमध ठेवा. आणि एकदा तरी खात्री करा, की दिवा पेटवणारा सूर मोर्सचाच आहे. शेजारच्या सोलर पंपाच्या कंट्रोलरची गुणगुण ७.०३०वर येऊन बसली असेल तर ५६७ तिलाही तितक्याच आनंदाने सलाम करतो.

एवढं सगळं जुळवल्यावर एका ठिकाणी मात्र ते मुद्दाम बिघडवावं लागतं. दूरच्या स्टेशनवर पाइल-अप (एकाच वेळी कॉल देणाऱ्यांची झुंबड) लागला आणि तिथला माणूस ‘अप’ (वरच्या बाजूला ऐकतोय) म्हणत असेल, तर त्याच्या फ्रीक्वेन्सीवर झिरो बीट करून कॉल देणं म्हणजे त्यालाच बुजवणं. तिथे स्प्लिट (ऐकणं एका जागी, पाठवणं दुसऱ्या जागी) लावून एक-दोन किलोहर्ट्झ वर जायचं. ‘अप’ म्हणत नसेल आणि गर्दी असेल, तर सगळेच शहाणे नेमके झिरो बीटवर बसलेले असतात, त्याच्या कानात एकच लांबलचक भोंगा वाजतो, कॉलसाइन कुणाचाच निघत नाही. अशा वेळी एक्सआयटीने (फक्त पाठवण्याची फ्रीक्वेन्सी सरकवणाऱ्या सोयीने) ८० ते १२० हर्ट्झ वर सरका: फिल्टरच्या आत राहता, पण सूर गर्दीतून वेगळा निघतो. तो परत तुमचा कॉलसाइन पाठवू लागला, की एक्सआयटी तिथेच राहू द्या. त्याने तुम्हाला त्याच सुरावर पकडलेलं असतं.